तीन कौलं

नाथाजी परसात उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत आतून एक हात आला आणि खिडकीच्या शेवटच्या फटीत त्यांचाच फौजेतला जुना पायमोजा कोंबून गेला. हात अंबूबाईंचा होता यात शंका नव्हती. इतकं घट्ट कोंबणं त्या घरात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. खिडकीवर आधीच किंतान ठोकलं होतं, किंतानावर जुनी वाकळ होती, आणि आता उरलीसुरली फटही बुजली.

"अगं, बोटभर तरी उघडी ठेव," नाथाजी बाहेरून म्हणाले.

"व्हय, ठेवती की. आन् वाऱ्याला आवतण बी धाडती, ये बाबा म्हणून," आतून अंबूबाईंचा आवाज आला. "तुमी जावा बरं हितनं. पोरीचा डोळा लागतोय."

नाथाजी गेले नाहीत. पायमोज्याचं टाचेला रफू केलेलं टोक बाहेर आलं होतं, त्याच्याकडे बघत ते तसेच उभे राहिले. हौसा, त्यांची एकुलती एक लेक, शिराळ्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. चौऱ्याहत्तर सालचा पौष होता आणि थंडी अशी की सकाळी उसाच्या पाल्यावरचं दंव झाडलं तर हात बधिर व्हायचे. त्यामुळे बाळंतिणीची खोली चहूकडून बंद होती. दाराला वाकळ, खिडकीला किंतान, आणि हौसाच्या बाजेखाली रात्रंदिवस धगधगतं घमेलं. घमेल्यात बाभळीच्या कोळशाचे निखारे. वरून सुईण धोंडुबाई दिवसातून तीनदा येऊन ओवा-बाळंतशेपांची धुरी घालायची ती निराळीच.

बारा दिवस पुरुषानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही रीत. नातू नाथाजींनी पाहिला होता तो उंबऱ्याबाहेरून, आणि त्यातही दिसलं होतं फक्त नाकाचं टोक.

नाथाजी मराठा पलटणीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आले होते. रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या या गावात आता त्यांना सगळे हवालदारच म्हणत. घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांनी सगळ्या घराची पाहणी केली होती, जशी बराकीची करत तशी, हात मागं बांधून. उसावर फवारायच्या औषधाचा रिकामा डबा अंबूबाईंनी राखेनं घासून त्यात शेंगदाण्याचं तेल भरलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी तेल गटारीत ओतलं, डबा कुऱ्हाडीनं चेचला आणि बांधाला खड्डा खणून पुरला. ती लढाई ते जिंकले, पण अंबूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बाकीच्या सगळ्या हरले. हिवतापाची माणसं भिंतींवर औषध मारून गेली, तर दुसऱ्याच दिवशी अंबूबाईंनी शेणाचा हात फिरवून भिंती झाकून टाकल्या. पाव्हणेरावळे येणार, भिंतींवर ते पांढरे ओघळ कसे दिसतील, असं त्यांचं म्हणणं. नाथाजींनी ते सोडून दिलं. चोवीस वर्षं हे घर त्या बाईनं एकटीनं चालवलं होतं. आता आयत्या वेळी येऊन हुकूम सोडायचा तरी कोणत्या तोंडानं, हे त्यांना कळत होतं.

पण ही गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती. आज सकाळी वाकळेआडून हौसाचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"आये, डोस्कं लय ठणकतंय गं. आन् मळमळतंय."

"वारं लागलं आसंल," धोंडुबाई म्हणाली होती. "अंबूबाय, कुठं फट ऱ्हायलीया का बघ. आन् शेक वाढीव."

नाथाजींच्या हातातला चहा तिथंच निवला होता. डोकं ठणकणं, मग मळमळणं, आणि मग कसली झोप लागते ते त्यांना माहीत होतं. बासष्टच्या हिवाळ्यात, वर डोंगरात, त्यांच्या तुकडीतले दोन गडी एका बंद खंदकात सिगडी पेटवून झोपले आणि सकाळी हाक मारली तर उठले नाहीत. अंगावर जखम नाही, काही नाही. गाल लाल. पलटणीच्या डॉक्टरानं सगळ्यांना ओळीनं उभं करून सांगितलं होतं, बंद जागेत कोळसा जळला की त्यातून विषारी वायू निघतो; त्याला वास नाही, रंग नाही. त्यानंतरचे दोन हिवाळे रोज संध्याकाळी प्रत्येक खंदकाच्या छताला भोक आहे की नाही ते बघायचं काम नाथाजींकडे होतं.

त्यांनी आधी सरळ वाट धरली. सायकल काढून ते रहिमतपूरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरानं ऐकून घेतलं आणि खिडकी उघडी ठेवा, शेगडी बाहेर ठेवा, असं सांगितलं. नाथाजींनी तो निरोप जसाच्या तसा आणून घरी दिला.

"त्येला किती पोरं झाली?" अंबूबाईंनी विचारलं.

"लगीन व्हायचंय त्येचं."

"मग झालं तर."

धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसली. "हवालदार, तुमी बंदुकीचं बघा. हे आमचं हाय."

दुपारी चुलीपुढं अंबूबाई लेकीसाठी बाजरीची भाकरी थापत होत्या. नाथाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन टेकले. सांगून टाकायचं असं ठरवूनच ते आले होते.

"अगं, तिकडं डोंगरात हुतो नव्हं मी, त्या बासष्टच्या हिवाळ्यात..."

अंबूबाईंनी थापता हात थांबवून वर पाहिलं. नवरा फौजेतलं काही आपण होऊन सांगायला लागलाय, हे त्यांना नवीनच होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. "काय?" त्या म्हणाल्या.

त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नाथाजींची जीभ अडली.

"काय न्हाई. लय थंडी असायची."

"मग हितं का कमी हाय?" असं म्हणून अंबूबाईंनी भाकरी उलटली.

नाथाजी उठून ओसरीवर गेले. आपल्याला का बोलता आलं नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हौसाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. पन्नास सालची गोष्ट, महिना हाच, पौष. नाथाजी तेव्हा पठाणकोटला होते. मुलगा झाल्याचं कार्ड आणि मुलगा गेल्याचं कार्ड अशी दोन्ही एकाच दिवशी त्यांच्या हातात पडली, आणि त्यांनी दुसरं आधी वाचलं. उन्हाळ्यात रजेवर आले तेव्हा अंबूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. नववा दिवस होता. थंडी फार पडली होती. सासूला त्रास नको म्हणून रात्री घमेलं त्यांनी स्वतःच उठून भरलं, दार लावून घेतलं, बाळाला कुशीत घेतलं. सकाळी जाग आली तेव्हा डोकं फुटायची वेळ आली होती आणि कुशीतलं पोर उठलं नव्हतं. सटवाईनं नेलं, असं बायका म्हणाल्या. थंडीनं गेलं, असं अंबूबाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी कायमचं मनाशी धरलं. कुठंतरी फट राहिली होती, ती आपण बुजवायला पाहिजे होती, असं. हौसा झाली ती वैशाखात, तेव्हा शेगडीचा प्रश्नच आला नव्हता.

बासष्टच्या त्या सकाळी डॉक्टरांचं बोलणं ऐकताना नाथाजींना जवानांआधी आठवलं होतं ते हे. पठाणकोटला वाचलेलं कार्ड त्यांना बारा वर्षांनी खऱ्या अर्थानं कळलं. तेव्हापासून ते त्यांनी एकट्यानंच जवळ ठेवलं होतं. अंबूबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण एक गोष्ट सांगितली की तिच्यामागची दुसरी त्यांना आपोआप कळायची. खंदकातल्या सिगडीची गोष्ट त्यांना सांगायची म्हणजे, तू भरलेल्या घमेल्यानंच आपलं पोर गेलं, हेच सांगायचं. लेक-नातवाच्या जिवासाठी तेही सांगावं लागलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्यात त्यांनी स्वतःला फसवलं नाही. पण त्याआधी दुसरी काही वाट आहे का ते बघायला हवं होतं. आणि आजच बघायला हवं होतं.

ऊन कलायच्या आत त्यांनी शेजारच्या आकारामला हाक मारली.

"गड्या, जरा शिडी धर."

"कशापायी?"

"एक कौल तडकलंय. पाऊस आला तर गळंल."

आकारामनं आभाळाकडे पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. "हवालदार, पावसाला आजून पाच म्हयनं हायती."

"तू शिडी धर रं."

नाथाजी छपराच्या पाख्यावर चढले. बाज कुठं आहे, पाळणा कुठं टांगलाय, हे त्यांनी मनातल्या मनात मोजून घेतलं होतं. बाजेपासून लांब, मोरीच्या अंगाला, आढ्याच्या अगदी जवळ ते बसले आणि पहिलं मंगलोरी कौल दोन्ही हातांनी अलगद सरकवून वर उचललं. खालून गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला. त्या हवेत ओव्याचा वास होता, आणि ज्याला वास नाही तेही असणार. त्यांनी तोंड बाजूला केलं आणि दुसरं कौल काढलं, मग तिसरं.

"आये, उजेड आला गं," खालून हौसाचा आवाज आला. त्या आवाजात पहिल्यांदाच थोडी हुशारी होती.

कौलं काढणं हे अर्धंच काम होतं. धड कौलं खाली नेली असती तर घटकाभरात अंबूबाईंनी ती परत बसवून घेतली असती. नाथाजी कौलं घेऊन पाख्याच्या कडेला आले. खाली धुण्याचा दगड होता. त्यांनी पहिलं कौल बरोबर त्याच्यावर सोडलं.

"हवालदार, सुटलं का सोडलं?" आकारामनं विचारलं.

"सुटलं."

दुसरंही सुटलं. तिसऱ्याच्या वेळी आकारामनं काही विचारलं नाही, फक्त शिडी धरून जरा बाजूला सरकला.

आवाज ऐकून अंबूबाई परसात आल्या. दगडाभोवती लाल खापऱ्यांचा खच पडला होता.

"तीन? आवं, तीन?"

"एक तडकल्यालं हुतं. ते काढाय गेलो."

"आन् बाकीच्या दोघांनी काय घोडं मारलं हुतं? आत बाळंतीण हाय, पौषाची थंडी हाय, आन् ह्यांनी डोस्क्यावरलं छप्पर उतरीवलं. चोवीस वर्सं फौजेत काय केलंसा तुमी? खंदकच खांदलं का नुसतं?"

नाथाजी शिडीवरून खाली उतरले आणि कपडे झटकत उभे राहिले. फौजेत त्यांनी बोलणी खाल्ली होती, पण तिथं निदान कडक सलाम ठोकून मोकळं होता येत होतं.

"फुडल्या बाजाराला नवी आणतो," ते म्हणाले.

"तवर काय? किंतान टाका वर."

"टाकतो."

"कवा?"

"उद्या बघतो."

अंबूबाई बघतच राहिल्या. या माणसाच्या तोंडून 'उद्या' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग पदर खोचून तरातरा आत गेल्या.

ही बातमी गावात पसरायला दिवस लागला नाही. हवालदार वर चढले आणि कौलं खाली आली, असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नाथाजी तिथंच बसले होते. तेही थोडं हसले. टोचलं नाही असं नाही. गावात त्यांचा लौकिक होता तो नेटक्या हातांचा माणूस म्हणून. त्यांनी रचलेल्या बांधाच्या दगडाला कुणी बोट लावत नसे. आता वाटेत कुणीही विचारायचं, "काय हवालदार, आज कुणाच्या घरावर चढायचं?" त्यांनी ते ऐकून घेतलं. दर खेपेला ते घरी येऊन आधी वाकळेबाहेर उभे राहायचे आणि कान द्यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं भाकरी मागून घेतली. डोकं दुखायचं थांबलं होतं. धोंडुबाईनं त्याचं श्रेय ताबडतोब स्वतःकडे घेतलं. आदल्या संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती.

"बघितलंसा हवालदार? नजर हुती. कडकडा वाजल्या मोहऱ्या."

"व्हय बाई, तुझा हात मोठा," नाथाजी म्हणाले. त्यांना इतकं बरं वाटत होतं की धोंडुबाईला त्यांनी मोहऱ्यांचं अख्खं शेतही बहाल केलं असतं. ओसरीवर उन्हात बसून त्यांनी दोन कप चहा घेतला.

आकाराम येऊन नवीन कौलांचं विचारून गेला. त्याच्याकडे गोठ्यावरची चार जास्तीची होती. नाथाजींनी ती आकाराला लहान पडतील असं सांगितलं. मंगलोरी कौलं सगळी एकाच आकाराची असतात, हे आकारामलाही माहीत होतं. तो मान हलवून निघून गेला.

पाचवीला बायका जमल्या. पाटा-वरवंटा पुजला, सटवाईपुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवली, गूळ-खोबरं वाटलं. धोंडुबाईनं नेहमीपेक्षा मोठी धुरी घातली. नाथाजी परसात लाकडं फोडत होते. छपरातल्या खिंडारातून निळसर धूर सरळ वर निघाला आणि उन्हात विरून गेला. कुऱ्हाड खांद्यावर ठेवून ते पुरतं समाधान होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की कालपासून अंबूबाईंनी किंतानाचं नाव काढलेलं नाही. विसरल्या असतील असं म्हणावं, तर अंबूबाई काही विसरत नसत. मनातून ते थोडे चपापले, पण विचारायला गेले नाहीत.

सातव्या दिवशी सकाळी ते मळ्यातून परत आले तेव्हा घमेलं ओसरीवर होतं. निखारे फुललेले, आणि शेजारी पाटावर अंबूबाई. बाळाची दुपटी एकेक करून त्या निखाऱ्यांवर धरत होत्या, उलटत होत्या, गालाला लावून बघत होत्या. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. नाथाजींनी वहाणा काढल्या आणि घमेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"ह्ये भाईर कसं?" त्यांनी जपूनच विचारलं.

"वर खिंडार. ऊब ऱ्हात न्हाई. मग आत ठिवून उपेग काय? कापडं हितं शेकायची आन् आत न्यायची. तेवढ्यानं भागतं."

"धोंडुबाय काय म्हणली?"

"तिला काय म्हणायचंय ते म्हणूं दे."

नाथाजींनी मान हलवली. अंबूबाईंनी एक दुपटं घडी करून मांडीवर ठेवलं, दुसरं उचललं.

"पोरीचं डोस्कं थांबलं," त्या म्हणाल्या. "माझं बी थांबलं. आत बसून बसून माझं बी ठणकत हुतं, पर म्या बोलली न्हाई."

"बरं झालं थांबलं ते."

"लगीन होऊन पंचवीस वर्सं झाली," अंबूबाई दुपटं उलटत म्हणाल्या. "तुमच्या हातनं कवा एक वाटी फुटली न्हाई. आन् एका दिसात तीन कौलं?"

नाथाजींनी वर पाहिलं नाही. चिमटा जवळच पडला होता. तो उचलून ते निखारे सारखे करू लागले. सारखे करण्यासारखं तिथं काही नव्हतं. समोरची बाई रडेल, किंचाळेल, की घमेलं लाथाडेल, कशाचाच अंदाज त्यांना येत नव्हता. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ती गोष्ट अशी सकाळच्या उन्हात, दुपटी शेकता शेकता समोर येऊन बसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

अंबूबाई यातलं काहीच करत नव्हत्या. दुपटं त्यांनी गालाला लावलं होतं आणि ते तसंच धरून ठेवलं होतं.

"त्या येळंला बी एखादं कौल फुटाय पायजे हुतं," त्या म्हणाल्या.

नाथाजींच्या हातातला चिमटा थांबला. रजेवरच्या त्या उन्हाळ्यानंतर त्या पोराबद्दल या घरात कुणी एक शब्द काढला नव्हता. बारसं व्हायच्या आधीच गेल्यामुळं त्याला हाक मारायला नावही नव्हतं. त्यांनी हात पुढं केला आणि अंबूबाईंच्या मांडीवरची दुपट्याची घडी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

अंबूबाईंनी तो हात बाजूला केला नाही.

"आये," आतून हौसानं हाक मारली, "कापड आण गं. बाळ उठलं."

दोघंही एकदमच उठले. अंबूबाई पुढं आणि कोमट दुपटी दोन्ही हातांवर घेतलेले नाथाजी मागं. दाराशी अंबूबाईंनी वाकळ बाजूला केली आणि ते आत येईपर्यंत धरून ठेवली.